पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या आणि त्यांची मोटारींतील वाहतूक

समुद्रांत खोल उतरणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेविषयीं बोलणें निघालें, कीं सर्वांचें लक्ष साहजिकच पाण्याकडे जातें. किती खोल जावें, वर येतांना घाई कां करूं नये, सोबत्याला नजरेआड कां होऊं देऊं नये, हें शिकविणारे गुरु मिळतात आणि पुस्तकेंहि मिळतात. परंतु ज्या टाकींतील हवेवर पाणबुड्याचे प्राण अवलंबून असतात, ती टाकी किनाऱ्यापर्यंत येते कशी, याचा विचार फार थोडे करतात. पाण्याखालीं ती पाऊण तास, फार तर तासभर पाठीवर असते. मोटारींत मात्र ती कित्येक तास पडून असते. पाण्यांत जो मनुष्य तिच्यांतील हवेचा क्षणोक्षणीं हिशेब ठेवतो, तोच रस्त्यावर तिला एखाद्या वळकटीप्रमाणें डिकींत टाकून मोकळा होतो. या दुर्लक्षित तासांचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

हा विषय महाराष्ट्राला आतां परका राहिलेला नाहीं. मालवण व तारकर्ली येथें, गोमंतकाच्या किनाऱ्यावर, तसेंच अंदमान आणि लक्षद्वीप बेटांवर पाठीस टाकी बांधून समुद्राचा तळ पाहावयास जाणारे लोक दरवर्षीं येत असतात. हवा भरण्याचें यंत्र एका ठिकाणीं आणि होडी दुसऱ्या ठिकाणीं असली, कीं भरलेल्या टाक्या टेम्पोंतून धक्क्यावर जातात आणि वापरलेल्या टाक्या तशाच परत येतात. कांहीं हौशी पाणबुडे स्वतःच्या टाक्या स्वतःच्या मोटारींतून नेतात. त्या मोटारींत त्यांचीं मुलेंबाळें असतात. टेम्पोच्या मागच्या भागांत सामान सांभाळीत बसलेला एखादा मदतनीस असतो. टाकी नीट बांधली कीं नाहीं, या साध्या प्रश्नाशीं या सर्वांच्या जिवाचा संबंध आहे.

टाकींत असतें तरी काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. लोक तिला सर्रास ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतात, पण तें नांव बरोबर नाहीं. सामान्य पाणबुड्याच्या टाकींत साधी हवाच असते. ती गाळून, कोरडी करून आणि अतिशय दाबून भरलेली असते, इतकेंच. जी ॲल्युमिनियमची टाकी जगांत पुष्कळ ठिकाणीं प्रचारांत आहे, तिच्या पोटांत सुमारें ११ लिटर पाणी मावेल एवढीच जागा असते. परंतु तेवढ्याशा जागेंत सुमारें २०० बार दाबानें २२०० लिटर हवा कोंबलेली असते. एक बार म्हणजे स्थूलमानानें समुद्रसपाटीवरील वातावरणाचा दाब. मोटारीच्या टायरमध्यें सुमारें २ बार दाब भरतात. म्हणजे टाकींतील दाब टायरमधील दाबाच्या शंभरपट होतो. अशा टाकीचें रिकामें वजन सुमारें १४ किलो असतें. हवेला वजन नसतें असा पुष्कळांचा समज असला, तरी टाकी पूर्ण भरल्यावर त्यांत अडीच किलोंहून अधिक भर पडते.

या साधनाच्या इतिहासांत आरंभींच एका प्रवासाची नोंद आहे. फ्रेंच नौदलांतील अधिकारी जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां नांवाचे इंजिनियर या दोघांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एक नवीन उपकरण सिद्ध केलें. पाणबुड्यानें श्वास घेतांच, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें, तें त्याला टाकींतील हवा पुरवीत असे. १९४३ च्या जून महिन्यांत हें उपकरण पॅरिसहून एका लांकडी पेटींतून आगगाडीनें दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बांदोल स्टेशनांत आलें आणि कूस्तो यांनीं तें तेथें ताब्यांत घेतलें. पुढें ही विद्या जगभर पसरली, टाक्या हजारोंनीं तयार झाल्या, आणि त्या उघड्याच मोटारींत चढूं लागल्या. वस्तूला हलूं न देण्याचें, आपटूं न देण्याचें जें काम पेटी करते, तें आतां टाकी नेणाऱ्याच्या शिरावर आलें आहे.

टाकींत दोन प्रकारचें संकट सांठविलेलें असतें. एक दाबाचें आणि दुसरें वजनाचें. लोकांना भय वाटतें तें पहिल्याचें. परंतु रस्त्यावरील प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक ब्रेकला जो प्रश्न उभा राहतो, तो दुसऱ्याचा असतो. दाबाच्या भयामुळें वजनाचें विस्मरण होणें, हीच या बाबतींतील मुख्य चूक होय.

दाबाचें संकट लहान आहे, असें मात्र नाहीं. २०० बार दाबाची टाकी अकस्मात् फुटली, तर तींतून सुटणारी शक्ति सुमारें ४ लाख ज्यूल भरते. १००० किलो वजनाची मोटार ४० मीटर उंच उचलण्यास जेवढी शक्ति लागेल, तेवढी ही आहे. पण सुस्थितींतील टाकी सहजासहजीं फुटत नाहीं, कारण तिची परीक्षा आधींच झालेली असते. या परीक्षेंत टाकी पाण्यानें भरून, पंपाच्या साहाय्यानें तिला नेहमींच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहूनहि अधिक दाब देतात. हवेऐवजीं पाणी घेण्याचें कारण असें, कीं पाणी दाबलें तरी फारसें आकुंचन पावत नाहीं. त्यामुळें परीक्षेंत टाकी तडकली, तरी स्फोट न होतां केवळ पाणी बाहेर येतें. अमेरिकेंत ही परीक्षा दर ५ वर्षांनीं घ्यावी लागते, आणि तिचा महिना व साल टाकीच्या खांद्यावर ठोकलेलें असतें. शिवाय वर्षांतून एकदां टाकी आंतून तपासून घेण्याची पाणबुड्यांत चाल आहे. कारण खारें पाणी आंत शिरलें, तर पोलादी टाकीला आंतून गंज चढतो आणि तो बाहेरून दिसत नाहीं.

अशा रीतीनें दाबाचा भार कारखानदार, तपासनीस आणि हवा भरणारा यांनीं वांटून घेतलेला असतो. प्रवाशानें करावयाचें तें इतकेंच, कीं मुदत उलटून गेलेली, खोल खांच पडलेली, गंजलेली किंवा आगींत सांपडलेली टाकी त्यानें भरूनच घेऊं नये. मग ती मोटारींत ठेवण्याचा प्रश्नच उद्भवणार नाहीं.

याच संदर्भांत उन्हाचा विचार आला पाहिजे. वैशाखांतील उन्हांत कांचा लावून उभी केलेली मोटार आंतून भट्टीसारखी तापते. टाकींतील हवा ३० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापली, तर २०० बारचा दाब सुमारें २२० बार होतो. एवढ्यानें चांगली टाकी फुटत नाहीं. परंतु हवा आधींच मर्यादेबाहेर भरलेली असली, तर प्रसंग निराळा. अमेरिकन धर्तीच्या व्हॉल्व्हमध्यें धातूची एक पातळ चकती बसविलेली असते. दाब फार वाढला, तर टाकीनें फुटण्यापूर्वीं ही चकती फुटावी आणि हवा निसटून जावी, अशी ती योजना आहे. पण चकती जुनी व क्षीण झाली असली, तर ती अपेक्षेपूर्वींच दगा देते, आणि सारी हवा कर्कश आवाज करीत बाहेर पडते. हवा विषारी नसते, हें खरें. पण घाटांतील वळणावर पाठीमागें असा आवाज होऊन चालक दचकला, तर पुढें काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून टाक्या सावलींत ठेवाव्या, त्यांवर फिकट रंगाचें कापड टाकावें आणि कांचा थोड्या उघड्या ठेवाव्या. भरलेली टाकी उन्हांतील मोटारींत दिवसच्या दिवस ठेवून देणें तर सर्वथा टाळावें.

आतां वजनाकडे वळावयास हरकत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार कशावर तरी आदळली, तर मोटार थांबते. तींतील सुटी टाकी थांबत नाहीं. ती त्याच वेगानें पुढें जाते. कोणतीहि वस्तु १४ मीटर उंचीवरून पडली, तर जमिनीशीं पोंचतांना तिचा वेग एवढाच असतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून १७ किलोंचा धातूचा ओंडका खालीं सोडावा, आणि खालीं माणसें बसलेलीं असावीं, तसा हा प्रकार होय. त्या टाकींत हवा भरलेली आहे कीं नाहीं, याला येथें कांहींच महत्त्व उरत नाहीं. अपघात तर राहोच. पुढें गुरूं आडवें आलें म्हणून चालकानें जोरानें ब्रेक दाबला, तरी गोल आणि गुळगुळीत टाकी फरशीवरून गडगडत जाऊन आसनावर किंवा दारावर आदळते. ती चालकाच्या पायांपाशीं येऊन ब्रेकखालीं अडकली, तर मोटार थांबविण्याचा मार्गच खुंटतो.

टाकी बांधावयाची दोरी किती भक्कम असावी, हेंहि याच हिशेबानें ठरतें. अपघातांत मोटार अर्ध्या मीटरच्या अंतरांत थांबली असें धरलें, तर त्या क्षणीं एका भरलेल्या टाकीचा पट्ट्यावर सुमारें ४८० किलो वजनाइतका ताण पडतो. सुतळी किंवा जुना सुंभ अशा वेळीं टिकत नाहीं. रबरी ताणदोरी तुटली नाहीं, तरी ती लांबते, आणि टाकीला धांवण्यास वाव देते. मालवाहतुकीसाठीं विणलेले, बकलानें घट्ट ओढतां येणारे पट्टेच या कामीं उपयोगी पडतात. पट्टा मोटारीच्या सांगाड्याला पक्क्या बसविलेल्या कड्यांतून ओवावा. प्लॅस्टिकच्या आंकड्याला किंवा आसनाच्या कापडाला बांधूं नये.

टाकी कशी ठेवावी, याचा नियम लक्षांत ठेवण्यास सोपा आहे. लहान मोटारींत ती डिकीच्या तळाशीं निजवावी. मोटारीच्या लांबीच्या दिशेनें न ठेवतां रुंदीच्या दिशेनें आडवी ठेवावी, आणि मागील आसनाच्या पाठीला अगदीं भिडवावी. मध्यें अंतरच राहिलें नाहीं, म्हणजे टाकीला वेग घेऊन आदळण्यास जागा मिळत नाहीं. दुसऱ्या बाजूनें ती मागें गडगडूं नये म्हणून, बैलगाडीच्या चाकाला उटी लावतात तशी लांकडाची उटी लावावी आणि मग पट्टा आंवळावा. टाक्या एकाहून अधिक असल्या, तर त्या एकमेकींवर आपटूं नयेत यासाठीं मध्यें जाड गोणपाट किंवा रबरी चटई घालावी. जागेअभावीं टाकी लांबीच्या दिशेनेंच ठेवावी लागली, तर तिचा बूड पुढें आणि व्हॉल्व्ह मागें करावा, म्हणजे जोराचा ब्रेक लागल्यास आघात जाड बुडावर येईल. टाकी उभी ठेवावयाची, तर तिच्यासाठीं केलेल्या आणि वाहनाला जखडलेल्या सांगाड्यांतच ठेवावी. एरवीं उभी टाकी पहिल्याच वळणावर पडते. माणसें बसण्याच्या आसनावर, त्यांच्या पायांपाशीं किंवा मागील कांचेखालच्या फळीवर तिला कधींहि जागा देऊं नये.

व्हॉल्व्ह हा टाकीचा सर्वांत नाजूक भाग. टाकीची भिंत जाड असते. पण मानेंतून बाहेर आलेला पितळी व्हॉल्व्ह जड वस्तूच्या आघातानें वांकूं शकतो, आणि तो तुटलाच, तर बाहेर झेंपावणाऱ्या हवेच्या जोरानें टाकी अग्निबाणासारखी उलट दिशेस धांवते. म्हणून व्हॉल्व्हजवळ दुसरी जड वस्तु, विशेषतः शिशाचे वजनाचे पट्टे, ठेवूं नयेत. टाकी व्हॉल्व्हला धरून ओढूं नये आणि पट्टाहि व्हॉल्व्हला न बांधतां टाकीच्या अंगाभोंवतीं घ्यावा. श्वासाचें उपकरण टाकीला जोडलेलें ठेवून प्रवास करूं नये. तें काढून मऊ पिशवींत निराळें ठेवावें. व्हॉल्व्हच्या तोंडावर टोपण बसवावें, म्हणजे धूळ व वाळू आंत जात नाहीं. आणखी एक बारीक गोष्ट आहे. व्हॉल्व्हची मूठ सतरंजीला घांसत राहिली, तर प्रवासांत ती हळूहळू फिरून हवा गळूं लागते. तेव्हां मूठ कशालाहि टेकणार नाहीं, अशी टाकी ठेवावी.

टेम्पोसारख्या उघड्या वाहनाचा प्रश्न याहून बिकट आहे. तेथें टाक्यांना आसनाची पाठ नसते, आणि कित्येकदां त्यांच्यामध्येंच माणूस बसलेला असतो. खड्डा आला कीं त्यानें टाक्या हातांनीं धरून ठेवाव्या, अशी अपेक्षा असते. १७ किलोंची एक टाकी मनुष्य धरूं शकेल. एकदम सरकलेल्या दहा टाक्या कोणीहि धरूं शकणार नाहीं. त्याचे पाय व बोटें त्यांत सांपडतात, आणि वाहन उलटलें तर तो त्यांच्याखालीं जातो. टाक्या बांधण्याचा पट्टा महाग नाहीं. तो वांचविण्यासाठीं एका मजुराला पट्ट्याच्या जागीं बसविणें हा काटकसरीचा प्रकार नव्हे. टाक्या सांगाड्यांत जखडाव्या आणि माणसाला पुढें चालकाशेजारीं बसवावें, हाच न्याय होय.

कायद्यानेंहि या बाबतींत कांहीं मर्यादा घातल्या आहेत. भारतांत १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याखालीं २०१६ सालीं गॅस सिलिंडर नियम करण्यांत आले, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचें मुख्य ठिकाण नागपूर येथें आहे. दाबून भरलेल्या वायूचें सिलिंडर सायकलवरून किंवा दुसऱ्या कोणत्याहि दुचाकीवरून नेण्यास या नियमांनीं मनाई आहे. सिलिंडर वाहनाच्या कडेबाहेर डोकावतां कामा नये, तें हलूं, पडूं किंवा दुसऱ्यावर आपटूं नये असें जखडलेलें असावें, आणि भडकणाऱ्या वा गंजविणाऱ्या द्रव्यांबरोबर तें नेऊं नये, असेंहि त्यांत सांगितलें आहे. किनाऱ्यावरील लोकांनीं शेवटची अट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण होडीच्या इंजिनाचें पेट्रोल आणि पाणबुड्यांच्या टाक्या एकाच खेपेंत नेण्याचा मोह तेथें सहज होतो.

कांहीं अनुभवी पाणबुडे साध्या हवेऐवजीं ऑक्सिजनचें प्रमाण वाढविलेला ‘नायट्रॉक्स’ वायु वापरतात, आणि थोडे शुद्ध ऑक्सिजनचीहि टाकी बरोबर नेतात. अशी टाकी गळली, तर बंद मोटारींतील हवेंत ऑक्सिजन वाढतो, आणि एरवीं नुसती धुमसणारी ठिणगी भडभडून पेटते. त्यामुळें अशा मोटारींत वारा खेळता ठेवणें आणि विडी-सिगारेट न ओढणें अत्यावश्यक आहे. तेलाचा किंवा ग्रीसचा हात अशा टाकीच्या व्हॉल्व्हला मुळींच लागूं देऊं नये.

सर्वांत अधिक हयगय होते ती परतीच्या प्रवासांत. दिवसभर समुद्रांत राहून माणसें थकलेलीं असतात, अंगाला मीठ चिकटलेलें असतें, घरीं पोंचण्याची घाई असते. आणि ‘टाक्या आतां रिकाम्याच आहेत’ असें म्हणून त्या कशाहि टाकल्या जातात. ही समजूत दोन्हीं बाजूंनीं चुकीची आहे. एक तर टाकी खरोखर रिकामी नसतेच. आंत दमट हवा व पाणी शिरूं नये म्हणून पाणबुडा तींत थोडा दाब जाणूनबुजून राखून ठेवतो. दुसरें असें, कीं साऱ्या दिवसांत टाकीचें वजन फार तर अडीच किलोंनीं घटलेलें असतें. उरलेला १४ किलोंचा धातु सकाळीं होता तसाच संध्याकाळींहि असतो, आणि आघाताच्या वेळीं भरलेली टाकी व वापरलेली टाकी यांत तो फारसा भेद करीत नाहीं. जातांना जेवढे पट्टे बांधले, तेवढेच येतांना बांधले पाहिजेत.

इतकी काळजी घेऊनहि अपघात झालाच, तर काय करावें, हेंहि ठाऊक असावें. मोटारीला आग लागली, तर टाक्या बाहेर काढण्याच्या भरीस पडूं नये. माणसांना घेऊन दूर जावें, आणि आंत किती टाक्या आहेत हें अग्निशामक दलाला प्रथम सांगावें. आगींत सांपडलेली टाकी बाहेरून धड दिसली, तरी तिच्यावर विश्वास ठेवूं नये. ॲल्युमिनियमच्या धातूचें बळ विशिष्ट उष्णतासंस्कारानें आलेलें असतें, आणि तीव्र उष्णतेनें तें नाहींसें होतें. अमेरिकन नियमांप्रमाणें अशी टाकी सुमारें १७६ अंशांहून अधिक तापली, तर ती कायमची बाद करावी लागते. जोराचा आघात बसलेली टाकीहि तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हां भरूं नये.

या साऱ्या सूचनांत महाग असें कांहीं नाहीं. दोन चांगले पट्टे, लांकडाच्या दोन उट्या, गोणपाटाचा तुकडा आणि निघण्यापूर्वींचीं पांच मिनिटें, एवढाच काय तो खर्च. टाकी नीट बांधली आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची खूणहि सोपी आहे. मोटार सुरू करण्यापूर्वीं टाकीवर हात ठेवून ती पुढें, मागें आणि बाजूला जोरानें हलवून पाहावी. हातानें ती जराहि हलली, तर ब्रेकनें ती सुटेल, असें निश्चित समजावें. आणि पट्टे सोडून पुन्हां पहिल्यापासून बांधावे.